वाङ्मयचौर्य म्हणजे कॉपीच की ओ? सीमाभागातल्या विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

प्रकल्प सादर करायची तारीख जवळ आली की माझ्या टेबलाभोवती तीच गर्दी जमते आणि तेच प्रश्न येतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इकडची मुलं-मुली. बरीचशी राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या महाविद्यालयांतली, काही कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात नाव घातलेली. मी मराठी शिकवते आणि एम.ए.च्या प्रकल्पांना मार्गदर्शन करते. तोंडी सांगून सांगून घसा बसला, म्हणून हे लिहून ठेवतेय. प्रश्न शक्यतो मुलांच्याच शब्दांत ठेवलेत.

मॅडम, वाङ्मयचौर्य म्हणजे कॉपीच की ओ?

इथेच पहिली गफलत होते. आपल्याकडे 'कॉपी' म्हटलं की परीक्षेची खोली, कंपासपेटीत दडवलेली चिठ्ठी आणि खिडकीखाली उभा असलेला चुलतभाऊ डोळ्यांपुढे येतो. परीक्षेत पुस्तक उघडणं हाच गुन्हा. प्रकल्पात उलट आहे. पुस्तकं उघडा, दहा उघडा, त्यातलं घ्या, आम्हीच तसं सांगतो. फक्त कुणाकडून घेतलं ते लपवू नका. लपवलंत की ते वाङ्मयचौर्य.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली याबाबत विनियम काढले. त्यातली व्याख्या एका ओळीची आहे: दुसऱ्याचं काम किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून पुढे करणं. त्यातला 'कल्पना' हा शब्द मुलं वाचतच नाहीत. एखाद्या कादंबरीतल्या नायिकेकडे एका समीक्षकाने वेगळ्याच बाजूने पाहिलं असेल आणि तुम्ही ते सगळं आपल्या शब्दांत, पण त्याचं नाव न घेता मांडलंत, तर एकही वाक्य जुळत नसताना ती उचलेगिरीच ठरते.

दहावी-बारावीला पुस्तकातलं जसंच्या तसं लिहिलं की पैकीच्या पैकी. आता तेच चोरी कसं?

ही तक्रार खरी आहे आणि मला ती मान्य आहे. पंधरा वर्षं मुलाला सांगायचं की गाईडमधलं उत्तर पाठ कर, एक शब्द इकडचा तिकडे होऊ देऊ नकोस. आणि सोळाव्या वर्षी त्याच सवयीला चोरी म्हणायचं. मुलं गोंधळणारच. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या मनात कुणाला फसवायचं नसतं. 'पुस्तकात इतकं चांगलं लिहिलंय, मी त्याहून चांगलं काय लिहिणार?' असं त्यांना प्रामाणिकपणे वाटतं. एका मुलाने तर मला सांगितलं होतं, "मॅडम, मोठ्या लेखकाचं वाक्य बदलणं मला बरोबर वाटत नाही." त्याला तो लेखकाचा मान वाटत होता. नाव मात्र घातलं नव्हतं.

फरक असा आहे. परीक्षेत तुमचं उत्तर पाठ्यपुस्तकातलं आहे हे तपासणाऱ्याला माहीत असतं. तिथे तुमची स्मरणशक्ती तपासली जाते, कुणी फसत नाही. प्रकल्प वाचणारा मात्र असं धरून चालतो की ज्या वाक्याला अवतरणचिन्ह नाही, तळटीप नाही, ते वाक्य तुमचं. तो भरवसा तुम्ही मोडता. वाचणाऱ्याला दर ओळीला कळलं पाहिजे की आत्ता कोण बोलतंय, एवढं एक धरून लिहिलंत तर खालचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत.

किती टक्के चालतं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात चुकीचा प्रश्न. 'दहा टक्के चालतं' असं वसतिगृहात एकमेकांना सांगितलं जातं, जणू रेशनवर दहा टक्के चोरी मंजूर झालीय.

नियम काय आहे ते सांगते. २०१८ च्या विनियमांत प्रबंध आणि प्रबंधिकांसाठी साम्याचे, म्हणजे तुमचा मजकूर दुसऱ्यांच्या लेखनाशी किती जुळतो याचे, चार स्तर आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर ते किरकोळ समजतात, शिक्षा नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, दुरुस्त करून पुन्हा सादर करायचं. ४० च्या वर ६० पर्यंत असेल तर एक वर्ष दुरुस्त प्रतही देता येत नाही. ६० च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. पुन्हा तोच गुन्हा केला तर शिक्षा एक पायरी वर चढते. पदवी मिळाल्यावर उघडकीला आलं तर ती पदवीसुद्धा काही काळ स्थगित ठेवता येते.

साम्य मोजताना काही गोष्टी वगळतात: श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांचे मजकूर, प्रमाणित चिन्हं आणि समीकरणं. सर्वसामान्य माहिती किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही धरत नाहीत. यावरून 'तेरा शब्द उचलले तर चालतंय' असा शोध एका हुशार मुलाने लावला होता. त्याने दर तेरा शब्दांनंतर एक 'तसेच' टाकला होता. प्रकल्प वाचताना मला पुण्याच्या गाडीत बसून दर स्टेशनला थांबल्यासारखं वाटलं.

आता मुद्दा. ते १० टक्के म्हणजे यंत्राने मोजलेलं साम्य. तुमच्या प्रबंधाचा निष्कर्षच दुसऱ्याचा असेल आणि तो एका पानात मावत असेल, तर साम्य भरेल दोन टक्के, पण चोरी शंभर टक्के. आणि पदवीच्या वर्गातल्या असाइनमेंटला हे स्तर थेट लागू होत नाहीत. तिथे आपापल्या महाविद्यालयाचा आणि शिक्षकांचा नियम चालतो.

माझा साम्याचा अहवाल शून्य टक्के आलाय. म्हणजे मी सुटलो ना?

मराठीतल्या प्रकल्पाला शून्य आला की मी आधी फॉन्ट बघते. कारण सांगते. आपल्याकडे डीटीपीवाले अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. त्यात पडद्यावर आपल्याला 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते भलतंच रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं. सॉफ्टवेअर अक्षरांच्या आकारांशी नव्हे, त्यांच्या संकेतांशी ताडून पाहतं. त्याला तुमचा अख्खा प्रबंध म्हणजे निरर्थक चिन्हांची रांग दिसते, आणि अशी रांग जगात दुसरीकडे कुठे सापडणार? स्कॅन केलेल्या पानांचंही तेच, ती त्याच्या दृष्टीने चित्रं असतात.

एका विद्यार्थ्याने शून्याचं ते पान रंगीत छापून प्रकल्पाच्या पहिल्या पानाला लावलं होतं, प्रशस्तिपत्रकासारखं. दुसरं प्रकरण उघडलं आणि पहिला परिच्छेद मला ओळखीचा वाटला. ओळखीचा असणारच, तो मी वीस वर्षांपूर्वी वाचलेल्या एका समीक्षाग्रंथातला होता, विरामचिन्हांसकट. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच संकेत असतो त्या पद्धतीत, टाइप करा. तुमच्यासाठीही ते बरं, शोधता येतं, शुद्धलेखन तपासता येतं.

शिवाय जे पुस्तक कधी संगणकावर चढलंच नाही ते यंत्राला कसं सापडणार? मराठीतली असंख्य पुस्तकं, नियतकालिकांचे जुने अंक अजून कपाटातच आहेत. ते वाचलेली माणसं मात्र आहेत, आणि त्यातलंच एखादं तुमचं बहिःस्थ परीक्षक म्हणून येतं.

शब्द बदलले की झालं ना?

करून दाखवते. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनावरचं हे वाक्य मी उदाहरणासाठी रचलंय, ते एखाद्या पुस्तकातलं आहे असं धरा:

'१९२४ च्या अधिवेशनाने बेळगावच्या सार्वजनिक जीवनाला वळण लावले. स्वयंसेवक, व्यापारी आणि शिक्षक प्रथमच एका मांडवाखाली आले.'

विद्यार्थ्याचं वाक्य:

'सन १९२४ मधील अधिवेशनामुळे बेळगावच्या सामाजिक जीवनास दिशा मिळाली. कार्यकर्ते, दुकानदार व गुरुजन पहिल्यांदाच एका छताखाली आले.'

सांगाडा तोच, कपडे बदललेत. शब्दकोश घेऊन बसलात, तासभर घालवला आणि हाती आलं जुन्यापेक्षा वाईट वाक्य. मांडवाचं छत झालं तेव्हा तर अधिवेशनाचा सगळा वासच गेला. याला मी ठिगळकाम म्हणते. असं करा: पुस्तक मिटा, चहा प्या, मग शेजारच्या मैत्रिणीला तो मुद्दा सांगताय असं समजून लिहा. 'बेळगावातले वेगवेगळ्या थरांतले लोक सार्वजनिक कामासाठी एकत्र येण्याची सुरुवात १९२४ च्या अधिवेशनापासून झाली, असे अमुक लेखकाचे मत आहे', आणि पुढे वर्ष व पृष्ठ. आता वाचणाऱ्याला कळतं की मत त्याचं, मांडणी तुमची. त्याच्यापुढे 'मात्र त्या काळातले अंक पाहता हे अर्धंच खरं वाटतं' असं लिहायची हिंमत झाली तर मी उठून टाळ्या वाजवीन.

गांधीजी बेळगावला आले होते यालासुद्धा तळटीप द्यायची?

नको. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं आणि महात्मा गांधी त्याचे अध्यक्ष होते, हे टिळकवाडीतल्या पोरालाही ठाऊक आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावर महाजन आयोग १९६६ साली नेमला, त्याच प्रश्नावर महाराष्ट्र २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला, ही सगळी सर्वसामान्य माहिती. पण महाजन अहवालात अमुक गावाबद्दल काय म्हटलंय, हे आलं की अहवालाचं पान हवं. सीमाप्रश्नावर लिहिताना तर दुप्पट काळजी घ्या. इथे प्रत्येकाला सगळं 'माहीतच' असतं, आणि भाषणातून भाषणात, अग्रलेखातून अग्रलेखात फिरलेले आकडे मुलं बिनधास्त लिहून मोकळी होतात. आकडा दिलात की तो कुठला ते द्या.

कन्नडमधून भाषांतर केलं तर ते माझंच काम ना? कष्ट माझे आहेत.

सीमाभागातला खरा प्रश्न हा. पुण्या-मुंबईच्या मुलांना तो पडत नाही, कारण त्यांना कन्नड येत नाही. आपल्याकडची मुलं घरात मराठी बोलतात, बाजारात कन्नड, पुस्तक इंग्रजीत वाचतात. ही केवढी मोठी श्रीमंती, आणि नेमकी तीच चोरवाट होते.

एका मुलीच्या प्रकल्पात बाराव्या शतकातल्या बसवण्णांच्या शरण चळवळीवर एक प्रकरण होतं. भाषा ओघवती, विचार पक्का. वाचता वाचता एका वाक्यात अडखळले: 'बसवण्णा मत्तु अल्लमप्रभू यांच्या संवादात...' मत्तु! कन्नडमधला 'आणि'. हाताने भाषांतर करताना तो तसाच कागदावर उतरला, आणि नंतर तीन वेळा मुद्रितं तपासणाऱ्या तिच्या किंवा तिच्या मैत्रिणींच्याही लक्षात आला नाही, कारण त्यांच्या कानाला तो परका नाहीच. विचारल्यावर रडायलाच लागली. म्हणाली, "मॅडम, दोन महिने बसून भाषांतर केलंय, नेटवरून उचललेलं नाही."

कष्ट तिचे होते, यात शंका नाही. पण ते भाषांतराचे. विचार, पुरावे, मांडणी मूळ लेखकाची. मी तिला प्रकरण फाडायला सांगितलं नाही. निवडक उतारे अवतरणात ठेव, खाली मूळ कन्नड ग्रंथाचं नाव, पान, आणि पुढे 'मराठी भाषांतर: प्रस्तुत अभ्यासक' असं लिही, एवढंच सांगितलं. झालं असं की जे लपवायचं म्हणून ती घाबरली होती, त्याचंच तोंडी परीक्षेत कौतुक झालं. तो ग्रंथ मराठीत कुणी वाचलेलाच नव्हता.

गूगलच्या भाषांतराचंही तेच. यंत्राने भाषा बदलली म्हणून मालक बदलत नाही. आणि साम्य शोधणारं सॉफ्टवेअर भाषा ओलांडताना अडखळतं म्हणून निर्धास्त राहू नका. बेळगावात परीक्षकालाही दोन्ही भाषा येतात.

अभंग, ओव्या यांना कसला संदर्भ? ते तर सगळ्यांचे आहेत.

अभंगाला कर्त्याने स्वतःच नाव लावलंय, 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी'. तुम्ही फक्त कुठल्या गाथेतून घेतला ते लिहायचं. हे लागतंच, कारण गाथेगणिक अभंगाचा क्रमांक बदलतो आणि पाठही बदलतो.

ओव्यांचं जास्त मनाला लागतं. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात जाऊन तुम्ही आजींकडून जात्यावरच्या चाळीस ओव्या लिहून आणता, आणि प्रकल्पात छापता 'संकलन' म्हणून फक्त स्वतःचं नाव. त्या आजींनी चहाही दिलेला असतो. त्यांचं नाव, अंदाजे वय, गाव आणि तारीख लिहा. आधी विचारा. नाव नको म्हणाल्या तर तसं लिहा. छापील पुस्तकाला मान आणि बोलत्या माणसाला 'एका वृद्ध महिलेने सांगितले', ही आपली जुनी खोड आहे.

गॅझेटिअरचं स्वामित्व संपलंय म्हणतात. मग त्यातलं घ्यायला काय हरकत?

घ्या की. बेळगाव जिल्ह्याचा इंग्रजी गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, १८८४ चा. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, आणि हा तर सव्वाशे वर्षांहून जुना. पण स्वामित्वहक्क हा कायद्याचा मामला, तो लेखकाचा किंवा प्रकाशकाचा. वाङ्मयचौर्य हा तुमचा आणि वाचकाचा मामला. ज्ञानेश्वरीवर कुणाचाही हक्क उरलेला नाही, म्हणून ती तुमच्या नावावर खपेल का?

दुसऱ्याच्या प्रबंधातल्या तळटीपा घेतल्या तर?

एका मुलाच्या प्रकरणात पहिलीच तळटीप होती: 'तत्रैव, पृ. ४७'. तत्रैव म्हणजे तिथेच, वरच्याच ग्रंथात. वर ग्रंथच नव्हता, वर प्रकरणाचं नाव होतं. बाकी काही सांगायला नको.

जे पुस्तक तुम्ही हातात धरलेलं नाही, त्याचा संदर्भ थेट देऊ नका. 'अमुक यांचे मत, तमुक यांच्या ग्रंथात उद्धृत' असं लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

चॅटजीपीटीने लिहून दिलं तर ती कुणाची चोरी? त्याला तर लेखकच नाही.

२०१८ च्या विनियमांत याचं नाव नाही, कारण चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरात आलं. पण व्याख्येतला दुसरा अर्धा भाग पुन्हा वाचा, 'स्वतःची म्हणून पुढे करणं'. तुम्ही न लिहिलेलं तुमचं म्हणून देताय. विद्यापीठ किंवा विभाग जे सांगेल ते पाळा. माझ्यापुरतं म्हणाल तर शुद्धलेखन तपासायला, अवघड इंग्रजी उतारा समजून घ्यायला वापरा आणि प्रस्तावनेत तसं सांगा.

दुसरा धोका मला मोठा वाटतो. बेळगावच्या नाट्यपरंपरेवर संदर्भ विचारले तर त्याने एका मुलीला सहा पुस्तकं दिली. त्यातलं एक शोधायला ती सार्वजनिक वाचनालयात गेली. १८४८ सालचं वाचनालय ते, तिथे नाही म्हणजे... आमच्या ग्रंथालयातही नाही. लेखक खरा, प्रकाशक खरा, पुस्तक मात्र हवेतलं. ती निदान शोधायला तरी गेली. बाकीचे सूचीत घालून मोकळे होतात.

उलट बाजूही सांगते. 'हे यंत्राने लिहिलंय' असं सांगणारी यंत्रंही चुकतात, साध्या सरळ वाक्यांवर तर हमखास. म्हणून कच्चे मसुदे, टिपणांच्या वह्या, खाडाखोड केलेली पानं जपून ठेवा. संशय आला तर तेच तुमचे साक्षीदार.

झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतो. नाव बदलून, स्पायरल घालून.

माहीत आहे. आम्हालाही तिथूनच चहा येतो. एका वर्षी एकाच विषयाचे तीन प्रकल्प आले, तिन्हींच्या ऋणनिर्देशात एकाच वहिनींचे आभार.

बी.ए.ला लिहिलेलं माझंच एम.ए.ला वापरलं तर? स्वतःकडून कुणी चोरतं का?

वापरा, पण सांगा. तेच काम दोनदा नवं म्हणून देणं बरोबर नाही. छापून आलेल्या लेखांबाबत आयोगाने २०२० साली वेगळी सूचनाच काढली होती, की स्वतःचं आधी प्रसिद्ध झालेलं लेखन उल्लेख न करता पुन्हा देणं चालणार नाही.

तक्रार झाली तर कोण ठरवतं? सरांनीच माझं काम स्वतःच्या नावाने छापलं असेल तर?

तक्रार पुराव्यासह विभागाच्या समितीकडे जाते. त्यात विभागप्रमुख, विभागाबाहेरचे एक ज्येष्ठ अध्यापक आणि ही सॉफ्टवेअर जाणणारी एक व्यक्ती असते. ४५ दिवसांत त्यांनी संस्थेच्या समितीला अहवाल द्यायचा असतो. तुमची बाजू ऐकल्याशिवाय शिक्षा करता येत नाही.

आणि हो, हे नियम शिक्षकांनाही आहेत. लेखनात ४० टक्क्यांच्या वर साम्य निघालं तर लेख मागे घ्यावा लागतो, एक वेतनवाढ जाते आणि दोन वर्षं नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. ६० च्या वर दोन वेतनवाढी आणि तीन वर्षं. मी स्वतः शिकत असताना माझ्या एका टिपणाची चार पानं एका चर्चासत्राच्या पुस्तिकेत वेगळ्याच नावाने वाचली होती. मी गप्प बसले. तेव्हा विचारायला जागाच नव्हती. आता आहे. मेलच्या तारखा सांभाळून ठेवा.

मॅडम, परवा सादर करायचंय आणि अर्धं उचललेलं आहे. काय करू?

आज रात्री नवं काही लिहू नका. लाल पेन घ्या आणि जे जे तुमचं नाही त्याखाली रेघ मारा. तुम्हाला ते बरोबर ठाऊक असतं. उद्या सकाळी त्या प्रत्येक तुकड्यापुढे पुस्तकाचं नाव आणि पान लिहा. पान सापडत नसेल तर तो तुकडा काढून टाका. साठ पानांची तीस झाली तर तीस द्या, आणि बाइंडिंगला टाकायच्या आधी मला येऊन भेटा. मुदत वाढवून मागायचं पत्र कसं लिहायचं ते मी सांगते. सकाळी दहाच्या आत या, नंतर माझा तास असतो.